‘साताऱ्याचा’ ऱ्या

पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रामची जुनी फाइल आजच्या संगणकावर उघडलीच, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि अनोळखी चिन्हे दिसतात. सातारा-सांगलीकडच्या स्मरणिका, दिवाळी अंक, साखर कारखान्यांचे अहवाल, गावांचे इतिहास अशा फाइलींत अडकून पडले आहेत. ते परत मिळवता येतात का, हे पाहायला संपादकांनी सांगितले.

इतिहास थोडक्यात असा. पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने आणला, १९९४ मध्ये तो अडोबीकडे गेला आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर त्याची वाढ थांबली. मराठीची सोय पुण्याहून आली: सी-डॅकचे इस्म आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची ठरलेली जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, तिच्यात देवनागरी होती. पण पेजमेकरला ती कधी पेलली नाही, आणि छापखान्यांचा हात पेजमेकरवर बसलेला होता.

मला गुंतवले ते या फाइलींच्या आतल्या रचनेने. त्या काळच्या फॉन्टांत संगणकाला मराठी कळतच नव्हते; इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘भारत’ लिहा, फाइलीत साठते एच, के, के, जे, आर. ‘भ’ला स्वतःची जागा नाही, अर्धा भ आणि काना मिळून तो होतो. म्हणजे पहिला ‘के’ भ पुरा करण्यासाठी आणि दुसरा खरा काना, हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने ओळखायचे. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून फाइलीतही आधी येते. युनिकोडमध्ये तिची जागा ‘थ’नंतर, तेव्हा अख्खे जोडाक्षर ओलांडून तिला पलीकडे न्यावे लागते. रफाराचे नेमके उलटे. ‘मार्ग’मधला रफार ग टंकल्यावर मारलेला असतो, त्याला ग च्या अलीकडे आणायचे. ‘वर्षांत’मध्ये काना, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात, काही फॉन्टांत तर रफार-अनुस्वाराचे मिळून एकच चिन्ह असते. हे सगळे नियम ज्यांनी बसून एकेक करून लिहिले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

तरीही रूपांतर झालेला मजकूर हातात आला की मी आधी ‘साताऱ्याचा’ हा शब्द शोधतो. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या प्रोग्रामांना हा ऱ्या माहीत नसतो. ते सरळ रफार देतात आणि ‘सातार्याचा’ असे उमटते. ते निदान चटकन दिसते. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही गप्प बसतो आणि सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र येतो. तिथे मूळ छापील प्रत घेऊन बसणारा माणूसच लागतो.

अशा कामामागे कुणीतरी उभे राहावे लागते. वाईत मराठी विश्वकोशाचे काम चालते. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. एवढ्या काळात मराठी छपाई खिळ्यांवरून संगणकावर आणि तिथून युनिकोडवर आली. विश्वकोश आज इंटरनेटवर वाचता येतो, कारण त्यामागे शासन उभे राहिले. तालुक्याच्या गावातल्या स्मरणिकेमागे कोण उभे राहणार?

अडचणी फाइल उघडण्याच्याही आधी सुरू होतात. फ्लॉपी बुरशीने गेलेली असते; झिप डिस्क शाबूत असली तर तिचा ड्राइव्ह नसतो. मराठी सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पोर्टमध्ये ‘लॉक’ लावावे लागे. नव्या संगणकांना ते पोर्टच नाही. म्हणून जुने ऑपरेटर एखादे विंडोज एक्सपीचे यंत्र मोडीत न काढता ठेवतात. पेजमेकरच्या पाचव्या आवृत्तीतली फाइल आधी सातव्या आवृत्तीत उघडून पुन्हा साठवायची, मग अडोबीच्याच इनडिझाइन या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत न्यायची. नव्या इनडिझाइनने पेजमेकर वाचणे सोडून दिले आहे. लिब्रेऑफिस काही फाइली उघडते, पण फॉन्ट कोणता होता ते कळल्याशिवाय अक्षरे लागत नाहीत, कारण प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट नसला की पेजमेकर त्याच्या जागी दुसरा सुचवतो. घाईत ‘ओके’ म्हणून फाइल साठवली, तर मूळ फॉन्टचे नावही पुसले जाऊ शकते. आधीच युनिकोडमध्ये आणलेला मजकूरही निर्धास्त नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि चंद्र असा दोन तुकड्यांत आहे, म्हणून शोधताना सापडत नाही.

आणि ज्या छापील प्रतीवरून ताडून पाहायचे, ती तरी कुठे सुरक्षित आहे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. अशा पुरात एखाद्या स्मरणिकेची शेवटची प्रत गेली असेल, तर उरते ती कुणाच्या तरी कपाटातली, न उघडणारी सीडी.

तुमच्या संस्थेकडे, घरात अशी सीडी असेल तर ती आधी तशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घ्या. मूळ फाइलीवर काही साठवू नका. तिच्यासोबत फॉन्टची फाइल, फॉन्टचे नाव आणि एक छापील प्रत ठेवा. मजकूर ज्यांनी जुळवला होता त्या ऑपरेटरकडे याच वर्षी जा, जमेल तिथे पीडीएफ काढून घ्या आणि एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्या.