मणक्यांचा क्षय आणि सुईची तपासणी

क्षय म्हटला की खोकला आठवतो. पण क्षयाचे जंतू रक्तावाटे पाठीच्या मणक्यांतही जाऊन बसतात. इंग्रज शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या दुखण्याचे वर्णन केले. जंतू सापडला तो १८८२ साली, रॉबर्ट कॉख यांना.

पाठ आठवडेच्या आठवडे दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते. घरची मंडळी म्हणतात, "लचक भरली असेल." शेक, लेप चालू राहतात. इकडे मणका खचतो, कुबड येते, पायांतले बळ जाते.

एमआरआयच्या चित्रात बिघाड लवकर दिसतो. पण तो क्षयाचा, दुसऱ्या जंतूचा की कर्करोगाचा, हे चित्रावरून दर वेळी ठरत नाही. तिथला नमुनाच हवा. त्यासाठी आता बहुधा पाठ उघडावी लागत नाही. जागा बधिर करून, सीटी स्कॅनच्या आधाराने पोकळ सुई नेमकी आत नेतात आणि हाडाचा कण किंवा पू काढतात.

नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जनुकीय यंत्र सुमारे दोन तासांत जंतू ओळखते आणि रिफाम्पिसिन हे औषध त्याला लागू पडेल का, तेही सांगते. जंतू वाढवून पाहायला मात्र काही आठवडे लागतात. एखाद्या वेळी नमुन्यात जंतू सापडत नाही. म्हणून क्षय नाहीच, असे समजू नये.

"मणक्याला सुई टोचली की माणूस लुळा पडतो," ही भीती गावोगाव आहे. सुईत थोडा धोका असतो, नाही असे नाही. पण अंगावर काढलेला रोग त्याहून पुष्कळ घातक. गुरुजींनी एवढे चार घरी समजावले, तरी एखादा माणूस पायांवर चालता राहील.