वास्ते, आंबाडी आणि शेनिन ब्लाँ

आपल्याकडच्या झणझणीत जेवणाशी वाइन जमत नाही, हे मत बहुतेक रेड वाइनवरून बनलेलं असतं. तिच्यातलं टॅनिन तुरट. तिखटाबरोबर ते आणखी टोचतं आणि वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचा, कडवटपणाही वाढवतं. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या वूव्हरे गावची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन वेगळी आहे. सफरचंदासारखी आंबट, मागून मधाचा वास आणि ‘देमी-सेक’ प्रकारात बेताची गोडी; ही गोडी मिरचीची आग निववते. म्हणून चंद्रपूरकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मासळीच्या लाल रश्शाला ती शोभते. गार हवी, फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी.

आंबाडीच्या भाजीवर आणखी आंबट कशाला, असं कोणी म्हणेल. पण वाइन भाजीपेक्षा कमी आंबट असली तर पाणचट लागते, शेनिन तिथं टिकते. फ्रेंच बाटली महाग, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उतारा नाशिकची शेनिन. द्राक्ष तेच, धार जरा कमी. आणि हो, हे सगळं चंद्रपूरपुरतं, तिथली दारूबंदी 2021 मध्ये उठली. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. तिकडे त्याच रश्शाबरोबर ताक.