फवारणी यंत्राचे टायर

पुण्याहून येताना नीरेचा पूल ओलांडला की शिरवळपाशी सातारा जिल्हा सुरू होतो, आणि तेथून दक्षिणेस ऊस-द्राक्षांच्या मुलखात शिरणाऱ्यास फवारणीची टाकी वाहणारा छोटा ट्रॅक्टर जागोजागी भेटतो. परंतु त्याच्या टायरची निवड करताना किंमत विचारण्यापलीकडे सहसा कोणी जात नाही.

टायरच्या कडेवर ‘८.३-२०’ असे जे आकडे असतात, त्यांतील पहिला टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. चार-पाच फुटी सरीच्या उसात रुंद टायर घातला तर कोवळे फुटवे चिरडतात. अरुंद घातला तर सहाशे लिटर पाण्याचा, म्हणजे सहाशे किलोंचा, भार थोड्या जागेवर पडून काळी जमीन आवळते. तासगावकडील द्राक्षबागेत तर छाटणीनंतर त्याच दोन ओळींमधून वारंवार जावे लागते, सबब चाकोरी दगडासारखी होते आणि पाणी मुरेनासे होते.

यावर तजवीज हवेच्या दाबात आहे. जमिनीवरील दाब स्थूलमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतकाच असतो; म्हणून चाक टणक असावे ही समजूत डांबरी सडकेपुरतीच ठीक. रेडियल टायरची बाजू लवचीक असल्याने तो कमी हवेत तोच भार पेलतो. महाग पडतो खरा. मात्र टायरच्या तक्त्यात त्या भारासाठी दिलेल्या दाबाखाली हवा उतरवू नये.

बसवताना मागे उभे राहून पाहावे: वरच्या भागी रबरी पट्ट्यांच्या कोनाचे टोक आकाशाकडे हवे. उलट बसलेल्या टायरात चिखल अडकून राहतो.