बांधावरची झाडे, झुडपे, वेली ओळखा, मगच कोयता चालवा

जालना जिल्ह्यात खरिपाच्या तोंडावर बांध साफ करताना अनेकदा बांधावरचे सगळेच काढून टाकले जाते. हिवर, बोर, निर्गुडी यांसारखी उपयोगी झाडे-झुडपे त्यात जातात. मोसंबीला नुकसान करणाऱ्या पतंगाला आसरा देणारी वेल मात्र तुकड्यातूनही पुन्हा फुटते. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे ओळखीवर ठरवावे.

काटेरी झाडांतील फरक

- बाभूळ : साल काळपट, उभ्या चिरा असलेली. फुले पिवळी, गोल. शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी.
- हिवर : साल पांढरट-पिवळसर. फिकट रंगाची गोल फुले फांदीच्या टोकाला मोठ्या झुपक्यात येतात. शेंगा व पाला शेळ्या आवडीने खातात.
- खैर : काटे जोडीने, आकड्यासारखे वाकडे. फुले लांबट तुऱ्यात. शेंग चपटी, तपकिरी.
- वेडी बाभूळ : ही देशी नाही, अमेरिकेतून आलेली आहे. फुले गोल नसून लांब तुऱ्यात, शेंग पिवळसर व गराची. वरून तोडली तर बुडापासून पुन्हा फुटते, त्यामुळे मुळासकट काढावी.

पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाभूळ, बोर व कडुनिंबावर पाने खाण्यासाठी जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करावेत. ही झाडे तोडली तर भुंगेरे एका जागी सापडण्याची संधी जाते.

झुडपे

- तरवड : पिवळी फुले, चपट्या शेंगा. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे टिकून राहते आणि बांधाची माती धरून ठेवते. ठेवावे.
- निर्गुडी : एका देठावर तीन ते पाच पर्णिका, पानाची खालची बाजू पांढरट, फुले निळसर-जांभळी. पाला दशपर्णी अर्कासाठी वापरतात. ठेवावे.
- पेटारी : पाने हृदयाकृती, मऊ लव असलेली. फुले पिवळी, फळ दातेरी चक्रासारखे. कपाशीवरील पिठ्या ढेकूण हिच्यावर वाढतो, म्हणून कपाशीच्या शेताजवळ ठेवू नये.

वेली : मोसंबी उत्पादकांनी विशेष लक्ष द्यावे

फळातील रस शोषणारा पतंग रात्री पक्व होत असलेल्या मोसंबीला सोंड खुपसतो. त्या छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडते व गळते. पावसाळ्यात पक्व होणाऱ्या आंबिया बहराला हा त्रास जास्त होतो. या पतंगाची अळी मोसंबीवर वाढत नाही. ती गुळवेल व वासनवेलीची पाने खाते. म्हणून केवळ बागेत फवारणी करून ही कीड आटोक्यात येत नाही.

- गुळवेल : पाने हृदयाकृती, गुळगुळीत. जुन्या खोडावर बारीक पुटकुळ्या असतात. कागदासारखी पातळ साल सोलली की आत हिरवे दिसते. वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात.
- वासनवेल : खोड बारीक, पानांवर मखमली लव. पाने पाण्यात चुरगळून गाळली तर थोड्या वेळाने पाणी जेलीसारखे घट्ट होते. ही सोपी ओळख आहे.
- कांडवेल : खोड चौकोनी, पेऱ्यापेऱ्यांचे. या पतंगाशी संबंध नाही, काढण्याची गरज नाही.
- वाघाटी : आकड्यासारखे काटे, पांढरी फुले. फळांची भाजी आषाढात करतात. ठेवावी.

काय करावे?

1. उन्हाळ्यात गुळवेलीची पाने गळतात व ती ओळखू येत नाही. ऑगस्टमध्ये बांधावर फिरून वेली पाहाव्यात व खुणा करून ठेवाव्यात.
2. मोसंबी बागेत व लगतच्या बांधावरील गुळवेल, वासनवेल मुळासकट काढावी. गुळवेलीचे तुकडे झाडावर लोंबकळत ठेवू नयेत, तेही जगतात.
3. गुळवेल औषधी आहे व दशपर्णी अर्कातही लागते. हवी असल्यास बागेपासून दूर, घराजवळच्या कडुनिंबावर वाढवावी. पानांवर अळ्या दिसल्यास वेचून नष्ट कराव्यात.
4. गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत. फळे पक्व होताना संध्याकाळी बागेत धूर करावा.
5. खैर, चंदन, चिंच, जांभूळ ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

वेल शेजाऱ्याच्या बांधावर राहिली तर पतंग तेथूनही येतो. त्यामुळे अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातील मोसंबी उत्पादकांनी शिवारातील लगतच्या बागायतदारांसह ही पाहणी एकत्र करावी. ओळख पटत नसल्यास पान, फूल व खोडाचा तुकडा घेऊन खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवावा.