अपस्मार : औषधोपचार व दुष्परिणाम

मेंदूतील तंत्रिका कोशिकांत अकस्मात व अतिरिक्त विद्युत् विसर्जन होऊन वारंवार झटके येण्याच्या विकारास अपस्मार (फेफरे, मिरगी, आकडी) म्हणतात. निदानानंतर बहुधा एकच औषध अल्प मात्रेत सुरू करून मात्रा हळूहळू वाढवितात. योग्य औषधयोजनेने सुमारे ७०% रुग्णांचे झटके थांबू शकतात. आरंभी झापड, भोवळ जाणवते. ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते. १९३८ पासून वापरात असलेल्या फेनिटॉइनाने हिरड्या वाढतात. दात स्वच्छ राखल्यास ही वाढ मर्यादित राहते. कार्बामाझेपिनाने पुरळ उठल्यास मात्र तत्काळ वैद्यास दाखवावे. व्हॅल्प्रोएटामुळे गर्भात व्यंग उद्‌भवू शकते. तरीही औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करणे सर्वांत धोक्याचे. झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतते.

झटका आलेल्यास कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगविणे निरर्थक आणि तोंडात चमचा घालणे अपायकारक होय. खांदेश्वरहून हार्बर मार्गाने ये-जा करणाऱ्या रुग्णाने लोकलच्या दारात उभे राहू नये.

हिंदू विवाह अधिनियमातील अपस्मारविषयक अट १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. परंतु विवाह जुळविताना रोग लपविला जातो आणि सासरी गोळ्या चुकतात, त्या बहुधा याच कारणाने.