पंगतीचा व्यवसाय : रत्नागिरीतील खानपान सेवेची उभारणी

कोकणाचे, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याचे, अर्थकारण दीर्घकाळ मनिऑर्डरीवर चालत असे. घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत वा गोदीत राबत असे आणि त्याच्या पैशावर गावाकडची चूल पेटत असे. या चाकरमान्यांना मुंबईत दोन वेळचे जेवण मिळे ते गिरणगावातील खानावळवाल्या बायकांकडे. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस गिऱ्हाइकांचा स्वयंपाक करणाऱ्या या स्त्रिया वाण्याच्या उधारीत व सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले व राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जाची वाट त्यांच्यासाठी मोकळी केली. या कार्याचा गौरव म्हणून २००२ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. जेवण रांधण्याच्या कौशल्याला भांडवलाची व हिशेबाची जोड मिळाली की त्याचा व्यवसाय होतो, हा या इतिहासाचा धडा आहे. तो आज रत्नागिरीतच उपयोगी पडण्याजोगा आहे.

मागणी कोठे आहे ?

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली आणि जिल्ह्याचे दळणवळण पालटले. गणपतीपुळे, पावस, मालगुंड, हेदवी, वेळणेश्वर येथे बाहेरगावच्या प्रवाशांची वर्दळ असते. गणेशोत्सवात व शिमग्यात चाकरमानी गावी परततात. एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई व आंब्याचा हंगाम एकाच वेळी येतात. मिरजोळे व लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहतींतील कामगार, शहरातील विद्यार्थी व एकटे राहणारे वृद्ध यांना रोजच्या डब्याची गरज असते.

या मागणीचे स्वरूप मात्र विषम आहे. हंगामात कामास हात अपुरे पडतात, तर आषाढाच्या धुवाधार पावसात मांडव पडत नाहीत व मासेमारीही बंद असते. म्हणून केवळ लग्नकार्यांवर विसंबणारा व्यावसायिक वर्षातील काही महिने रिकामा बसतो. डब्यांसारखे बारमाही काम हा पाया, समारंभांची जेवणे ही वरची कमाई आणि उकडीचे मोदक, पातोळे यांसारखी सणाची मागणी ही जोड, अशी रचना करणे शहाणपणाचे ठरते.

जिन्नसांच्या बाबतीत जिल्हा समृद्ध आहे. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, सोलकढी या पदार्थांची चव परगावचा आचारी सहजासहजी आणू शकत नाही. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास तसेच हापूस आंब्यास भौगोलिक मानांकन लाभले आहे. सर्वत्र मिळणारे पदार्थ स्वस्तात देण्याच्या स्पर्धेत उतरण्यापेक्षा ही स्थानिक चव सातत्याने देणे नवोदितास अधिक लाभदायक होय.

नोंदणी आणि भांडवल

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये खानपान व्यवसायास, मग तो घरच्या स्वयंपाकघरातून चालत असला तरी, नोंदणी वा परवाना आवश्यक आहे. वार्षिक उलाढालीनुसार यांपैकी काय लागेल ते ठरते. अर्ज संगणकीय प्रणालीवर करावयाचा असून राज्यात ही जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. मिळणारा चौदा अंकी क्रमांक व्यवसायाच्या जागी दर्शनी भागात लावावा लागतो. सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करून घेतल्यास बँकेशी व्यवहार सुलभ होतो. स्वयंपाकासाठी घरगुती गॅस सिलिंडर न वापरता १९ किलोचा व्यापारी सिलिंडरच घ्यावा. अपघात घडल्यास हा मुद्दा निर्णायक ठरतो. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. केळीची पाने, पत्रावळी व द्रोण यांची जुनी रीत येथे कायद्याच्याही सोयीची आहे.

भांडवलासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत, तर 'किशोर' गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. अन्य योजनांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. महिलांच्या बचत गटांना ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ यांचे मार्गदर्शन घेता येते. आरंभीच सर्व भांडी विकत घेण्याचा मोह टाळावा. मोठी तपेली, पराती, शेगड्या भाड्याने मिळतात. रोज लागणारी भांडी तेवढी स्वतःची असावीत.

हिशेबाची बाजू

अनेक सुगरणींचा व्यवसाय चवीमुळे नव्हे, तर हिशेबाच्या उणिवेमुळे बुडतो. ताटाची किंमत ठरविताना पुष्कळदा केवळ शिध्याचा खर्च धरला जातो. उदाहरणादाखल, एका ताटामागे शिधा ८० रुपये, मदतनिसांची मजुरी २५, इंधन व वाहतूक १५, भांड्यांचे भाडे व धुलाई १० आणि जागाभाडे, वीज, कर्जाचा हप्ता यांचा वाटा १० रुपये धरल्यास ताट १४० रुपयांस पडते. ८० रुपयांचा शिधा व १२० रुपयांचा दर, म्हणजे ४० रुपये सुटले, असे ज्यास वाटेल तो प्रत्येक ताटामागे २० रुपये गमावीत असतो. शिवाय स्वतःच्या श्रमाचा मोबदलाही मजुरीतच धरला पाहिजे. घरच्या बाईच्या कष्टाला मोल न लावण्याची सवय व्यवसायात फार महाग पडते.

दुसरा धोका पानांच्या संख्येचा. समजा, २०० पानांचे जेवण प्रत्येकी १५० रुपयांनी ठरले. एकूण खर्च २८ हजार व येणे ३० हजार रुपये. प्रत्यक्षात १७० पाने उठली आणि यजमानाने तेवढ्यांचेच पैसे दिले, तर हाती २५,५०० रुपये येतात व अडीच हजारांची खोट बसते, कारण स्वयंपाक तर २०० पानांचाच झालेला असतो. म्हणून किमान पानांची हमी, पदार्थांची यादी, वाढण्याची वेळ, पाण्याची व जागेची जबाबदारी आणि शिधा भरण्यापुरती आगाऊ रक्कम या बाबी, यजमान कितीही जवळचा असला तरी, लेखी ठरवाव्यात. गावात संकोच वाटतो, हे खरे. परंतु नंतरच्या कटुतेपेक्षा आरंभीचा कागद बरा.

अन्नाची सुरक्षितता

घरी दहा माणसांचा स्वयंपाक निर्वेध करणारी व्यक्ती दोनशे माणसांच्या स्वयंपाकात चुकू शकते, कारण मोठ्या भांड्यातील अन्न लवकर थंड होत नाही. शिजल्यावरही तग धरणारे काही जंतूंचे बीजाणू कोमट अन्नात वाढू लागतात. भातातील असे जंतू जे विष निर्माण करतात ते पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. मटणाच्या मोठ्या तपेल्यातही अशीच वाढ होते. यास्तव गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राखावे. थंड करावयाचे असल्यास उथळ परातींत पसरून त्वरेने शीतकपाटात ठेवावे. लग्नघरी पहाटे रांधून दुपारी उशिरा वाढण्याची प्रथा कोकणच्या दमट उन्हाळ्यात विशेष धोक्याची आहे. नारळाच्या दुधाची सोलकढी तर आयत्या वेळीच करावी.

मासळीचा नियम आणखी कडक आहे. बांगडा, सुरमई यांसारखी मासळी बर्फाविना राहिल्यास तीत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो, आणि कितीही शिजविले तरी ते नष्ट होत नाही. म्हणून मिरकरवाडा बंदरावर मासळी घेताना बर्फाची पेटी बरोबर असावी. पितळेच्या भांड्यांना वेळेवर कल्हई करावी. कल्हई उडालेल्या भांड्यात कोकम वा चिंचेचा आंबट पदार्थ ठेवल्यास धातूचा अंश अन्नात उतरतो. तळणीचे तेल पुनःपुन्हा वापरू नये. विहिरीचे पाणी तपासून व निर्जंतुक करूनच वापरावे. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घेताना याकडे अधिक लक्ष द्यावे. जुलाब, ताप वा हातास जखम असलेल्या मदतनिसाला स्वयंपाकापासून दूर ठेवून त्याची त्या दिवसाची मजुरी देणे हेच अंती स्वस्त पडते, कारण मजुरी बुडण्याच्या भीतीने आजार लपविला जातो.

लहान आरंभ

पहिल्या वर्षी वीस-पंचवीस डबे व पन्नास पानांपर्यंतची कार्ये एवढीच मर्यादा घालून घ्यावी. प्रत्येक कार्यानंतर किती शिधा लागला, किती उरला, कोणता पदार्थ संपला याची वहीत नोंद ठेवावी. शंभर पानांना साधारण दहा ते बारा किलो तांदूळ हे ढोबळ मान झाले. आपल्या गिऱ्हाइकाचे नेमके मान ही वहीच सांगते आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोरही तीच साक्ष देते.

गिरणगावात कोकणच्या माणसाला जेवू घालणाऱ्या हातांना एकेकाळी कर्जासाठी आधी संघटित व्हावे लागले. आज गावातच राहून हा व्यवसाय उभारू पाहणाऱ्यास कर्ज, नोंदणी व मार्गदर्शन यांच्या वाटा जिल्ह्यातच उपलब्ध आहेत. चव हाताशी आहेच. तिला स्वच्छतेची शिस्त व चोख हिशेबाची जोड दिली, तर मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरातूनच चार जणांना रोजगार मिळू शकेल.