मासे पाळायचे तर आधी जिवाणू पाळा

रविवारी टाकी रिकामी केली, खडे, काच, फिल्टर सगळं नळाखाली घासून लख्ख केलं, ताजं पाणी भरलं आणि बुधवारपर्यंत दोन गोल्डफिश दगावले. वसई-विरारमध्ये ही तक्रार हमखास ऐकू येते आणि खापर फुटतं पाण्यावर. कधी सूर्या धरणाचं, कधी बोअरिंगचं, कधी टँकरचं. इथलं पाणी बदलत राहतं हे खरंच. पण पुष्कळदा मासे मरतात ते अतिस्वच्छतेपायी.

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. त्याला रंग नाही, त्यामुळे नितळ पाण्यातही तो कल्ले पोळत राहतो. त्याचा बंदोबस्त करतो खड्यांवर आणि स्पंजवर धरणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या विषारी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हा थर म्हणजे विरजण. ते राखून ठेवायचं असतं; आपण तेच दर रविवारी गटारात ओततो. नव्या टाकीत ते आपोआप लागायला महिना-दीड महिना जातो. निरोगी जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं.

या जिवाणूंच्या शोधाचा इतिहास मोठा रंजक आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा तोल साधलेली टाकी जगापुढे मांडली. वनस्पती ऑक्सिजन देतात, कुजकी पानं गोगलगायी खातात, एवढा हिशेब त्यांना पुरला. पुढे त्यांच्याच नावाच्या मुलाने रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करताना दाखवून दिलं की अमोनियाचं नायट्रेट दोन टप्प्यांत होतं आणि दोन्ही टप्प्यांचे जिवाणू वेगळे. वडिलांच्या टाकीतलं कोडं मुलाने शेतातल्या मातीत सोडवलं! ते जिवाणू वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी ते साधलं आणि नाव त्यांचं झालं. ते रास्तच, पण धाकट्या वॉरिंग्टनला पाठ्यपुस्तकात एक ओळ तरी मिळायला हवी. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटा उरकणारा जिवाणूही सापडला, आणि त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या बावखलांत, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांत, पाणी कोणी बदलत नाही, तरी मासे जगतात. तिथे गाळात आणि मुळांवर हेच जिवाणू राबतात, शिवाय पाण्याच्या मानाने मासे थोडे. घरच्या टाकीत पाणी कमी आणि हौस जास्त, म्हणून हात आवरायला हवा.

आठवड्याला पाव टाकीच पाणी बदला. क्लोरीन जिवाणूंनाही मारतो, म्हणून नळाचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, तेव्हा रात्री फिल्टर बंद करू नका. बोअरिंगचं पाणी असेल तर सामू तपासाच: तो सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो.

दुकानातल्या ‘झटपट स्वच्छ पाणी’वाल्या बाटल्यांना भुलू नका, नितळ पाणी निरोगी असतंच असं नाही. तो पैसा अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या किटवर घाला. दोन्ही आकडे आठवडाभर शून्यावर टिकले, तरच नवा मासा घरी आणा.